विश्लेषण : दरपत्रक भिंतीवर, मग जंतुसंसर्गाचे आकडे का नाहीत?

शस्त्रक्रिया यशस्वी होते. पण अतिदक्षता विभागात रुग्णाला नवाच संसर्ग होतो आणि एकामागून एक प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात. नातेवाईकांच्या हाती वाढलेले बिल पडते. संसर्ग आला कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंना रोखायचे तर रुग्णालयांनी हा हिशेब जाहीर करायला हवा.

धोका किती मोठा?

‘द लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार, २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा जिवाणूंमुळे झाले. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जिवाणू रुग्णालयांत विशेष घातक ठरतात. ‘कार्बापेनेम’ या राखीव प्रतिजैविकांनाही त्यांचे काही प्रकार जुमानत नाहीत. मग डॉक्टरांसमोर फारसे पर्याय उरत नाहीत.

हे जिवाणू पसरतात कसे?

मुख्यतः हातांवाटे. शिवाय लघवीची नळी, व्हेंटिलेटर, सलाइनची सुई, खाटेचा कठडा, स्टेथोस्कोप यांवरूनही. हात धुतल्याने जीव वाचतात, हे व्हिएन्नातील डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवून दिले होते. तरीही हे साधे काम राहून जाते. त्याला दर वेळी बेफिकिरीच कारणीभूत नसते. एका परिचारिकेवर अनेक अत्यवस्थ रुग्णांचा भार असेल, खाटेजवळ सॅनिटायझर नसेल आणि बाधित रुग्णाला वेगळे ठेवायला खोलीच नसेल, तर भिंतीवरच्या सूचना कागदावरच राहतात.

इंग्लंडने काय केले?

‘एमआरएसए’ या जिवाणूमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाची नोंद तेथे २००१ पासून सक्तीची झाली आणि आकडे जाहीर होऊ लागले. २००८ पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २००४ मध्ये ठरले आणि ते गाठलेही गेले. हातांची स्वच्छता, नळ्या हाताळण्याची शिस्त, रुग्णांची तपासणी असे अनेक उपाय एकत्र राबवले गेले. पण आकडे उघड असल्याने व्यवस्थापनाला हात झटकता आले नाहीत.

भारतात अडचण कोणती?

राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ मध्ये आला. ‘एम्स’ आणि ‘आयसीएमआर’च्या पुढाकाराने काही रुग्णालयांत अशा संसर्गांची नोंदही होते. मात्र आपण दाखल होत असलेल्या रुग्णालयाचा आकडा सामान्य रुग्णाला कळत नाही.

आकडे उघड केल्यास गंभीर रुग्ण घेणारी मोठी रुग्णालये नाहक बदनाम होतील आणि तपासण्याच न करणारी स्वच्छ ठरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. व्हेंटिलेटरच्या दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले, अशी मोजणी करावी. किती नमुने कल्चर तपासणीला पाठवले, तेही सोबत द्यावे. सुरुवातीला दंड नको, फक्त नोंद हवी. नाहीतर आकडे दडवले जातील.

पुढे काय?

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच भिंतीवर संसर्गाचा तक्ता लावणे अवघड नाही. सरकारी रुग्णालयांनाही यातून सूट नको. तेथे आकडे वाढले तर परिचारिकांची रिक्त पदे भरण्याची मागणी अधिक जोराने करता येईल. उपचारांवर किती खर्च येईल हे जाणण्याचा हक्क रुग्णाला असेल, तर तेथे धोका किती आहे हे जाणण्याचाही असायलाच हवा.