बेअरिंग मिळेल, पण ओतणार कोण?

जुन्या स्पोर्ट्स कारचे रील्स आपण सगळेच बघतो. चकचकीत बॉनेट, इंजिनाचा तो घुमणारा आवाज, एकदम भारी! पण इंजिनाचं बेअरिंग गेलं की मालक जगभर शोधत बसतो. उत्तर एकच, 'पार्ट बंद झालाय.'

मला हे उत्तर अर्धवट वाटतं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कित्येक इंजिनांत बेअरिंग ही डब्यातून काढून बसवायची वस्तूच नव्हती. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा मिश्रधातू, म्हणजे व्हाइट मेटल, वितळवून जागेवरच ओतायचे. मग क्रँकच्या मापाने बोअर करायचं, निळा रंग लावून कुठे टेकतंय ते बघायचं आणि तेवढंच खरवडायचं. मधे तेलापुरती, केसाएवढी फट. ती वाढली की तेलाचा दाब पडतो, कमी झाली की इंजिन जाम!

आता आपलं कुर्डुवाडी घ्या. 1897 ला सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथलीच, आणि रेल्वेचं वर्कशॉपही इथलंच. वाफेच्या इंजिनांच्या बेअरिंगलाही हेच व्हाइट मेटल लागायचं. म्हणजे ज्या कामासाठी कारवाले परदेशात मेल टाकतात, ते रेल्वेच्या फिटर लोकांना नवीन नव्हतं.

मग अडतंय कुठे? आपल्याकडेच. व्हायव्हात बेअरिंगचे प्रकार घडाघडा सांगतो, पण हातात मायक्रोमीटर दिला की घाम फुटतो. (मीही त्यातलाच.) इंटर्नशिपसाठी पुण्याला पळण्याआधी गल्लीतल्या एखाद्या रिटायर्ड फिटरकाकांकडे चार दिवस बसा. स्क्रेपर कसा धरायचा, ते विचारा. आणि हो, चहा आपण पाजायचा.