आकड्याची पळवाट : १०० पासून १० पर्यंत, आणि पुन्हा २०

१/ पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा. गॅरेज, वेल्डिंगची दुकाने, कांद्याचा बाजार. अशा ठिकाणी कामगाराच्या सुरक्षेचा प्रश्न निघाला की मालकवर्गाचे उत्तर ठरलेले असते : ‘माणसे आहेतच किती? कायदा लागू होत नाही.’ या उत्तराला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

२/ १८८१ : हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा. सात वर्षांखालील मुलांना कामबंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे नऊ तास, धोकादायक यंत्रांना कुंपण. मात्र हे सारे यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरते. ९९ कामगारांच्या कारखान्यातील उघडा पट्टा कायद्याच्या लेखी निरुपद्रवी!

३/ मुंबईचे गिरणीमालक या कायद्याला लँकेशायरचा कावा म्हणत. त्यात तथ्यही होते. तेथील गिरण्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती. परंतु प्रतिस्पर्ध्याचा हेतू अशुद्ध होता म्हणून इथल्या कामगाराचा तुटलेला हात खोटा ठरत नाही.

४/ तो हात खरा मानणारा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे : जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक. आळेफाट्याहून माळशेजकडे जाताना लागणाऱ्या ओतुरापर्यंतही सत्यशोधक विचार पोहोचला होता. घाटावरची असंख्य माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबत होती. लोखंडे त्यांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी नेत होते.

५/ सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या होत्या. त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय.

६/ रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. ती सर्वांना ठाऊक आहे. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ चा, म्हणजे अर्जानंतर ३९ वर्षांनी. तोवर लोखंडे हयात नव्हते; १८९७ च्या प्लेगात ते गेले.

७/ आता यंत्रशक्तीवरील कारखान्यांसाठीचा कायद्याचा आकडा पाहावा. १८८१ : १००. १८९१ : ५०. १९२२ : २०. १९४८ : १०. सदुसष्ट वर्षे हा आकडा खालीच येत गेला. यंत्राचे दात मात्र तेच होते. शंभरांत जेवढे धारदार, तेवढेच दहांत.

८/ मग दिशा उलटली. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने १० चे २० केले. यंत्रशक्तीविना चालणाऱ्यांसाठी २० चे ४०. केंद्राच्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ‘कारखाना’ या संज्ञेसाठी हेच आकडे स्वीकारले. म्हणजे या बाबतीत घड्याळ १९२२ कडे फिरले.

९/ समर्थकांचा युक्तिवाद असा : लहान उद्योगाला नोंदवह्या आणि तपासनीसाचा जाच नको. जाच कमी करणे योग्यच. संहितेत दहा कामगारांच्या आस्थापनेवरही मालकाची सामान्य कर्तव्ये आहेत, हेही खरे. परंतु नोंदवही कमी करणे निराळे आणि कुंपण कमी करणे निराळे. एकाच्या नावाखाली दुसरे खपवणे ही लबाडी आहे.

१०/ आणि दहांच्याही खाली काय? पाच माणसांच्या वेल्डिंगच्या दुकानात ठिणगीला शिरगणती करता येत नाही. डोळ्यांना चष्मा, फिरत्या पट्ट्याला जाळी, विजेला अर्थिंग : यांचा खर्च एका उपचाराच्या बिलापुढे नगण्य आहे. ‘कायदा लागू नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा कधीच नव्हता.

११/ इतिहास एवढेच सांगतो की कायद्यातील आकडा हे धोक्याचे माप नाही. तो मालक, सरकार आणि कामगार यांच्या बळाचा त्या त्या काळचा तोल आहे. १८८४ च्या त्या अर्जात जखमी माणसासाठी पगार मागितला होता. त्याच्या शेजारी किती जण उभे होते, हा प्रश्न त्यात नव्हता. आळेफाट्यावरच्या मालकानेही तो विचारू नये.