अळिंबीचें शिक्षण व त्याची कसोटी

धाराशिव जिल्ह्यांत पाऊस बेभरंवशाचा आणि जमिनीचे तुकडे दर पिढीस लहान होत चाललेले. तेव्हां शेतीस एखादा जोडधंदा हवा, याविषयीं दुमत नाहीं. अळिंबीची लागवड हा तसा धंदा होय. ती शेत अडवीत नाहीं, पाणी बेतानें मागते, आणि सोयाबीनच्या राशीनंतर पडून राहणाऱ्या भुसकटावर पोसते. शिक्षणाचीही सोय आहे. सोलन येथें १९८३ सालीं अळिंबीचें राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत हें संशोधन चालतें. आणि आपल्या तुळजापुरास परभणीच्या कृषि विद्यापीठाचें कृषि विज्ञान केंद्र आहे.

परंतु शिक्षणाचें यश वर्गास बसलेल्यांच्या संख्येवर मोजावें, कीं वर्षानंतर किती घरीं अळिंबी निघते ह्यावर? आमच्या मतें दुसरी कसोटीच खरी.

भुसकट भिजविणें, कढत पाण्यांत निर्जंतुक करणें, बियाणें घालून पिशव्या भरणें, हें एका दिवसांत दाखवितां येतें. पण पहिली तोडणी सुमारें तीन आठवड्यांनीं येते. हिरवी बुरशी, चिलटें व ओलाव्याची कमतरता हीं संकटें ह्याच मधल्या दिवसांत येतात, आणि तेव्हां शिक्षक जवळ नसतो. ह्यास्तव पिशव्या भरतांना, बुरशी पसरतांना व तोडणीच्या वेळीं, असें तीन वेळां शिक्षण मिळावें. ह्यास खर्च अधिक लागेल, असें कोणी म्हणेल. परंतु एकदां हात पोळलेला शेतकरी पुन्हा वर्गास येत नाहीं, व शेजाऱ्यासही येऊं देत नाहीं. हें नुकसान त्याहून मोठें आहे.

दुसरी गोष्ट हंगामाची. धिंगरी अळिंबीस २० ते ३० अंश उष्णता व शेंकडा ८० हून अधिक आर्द्रता मानवते. आपला उन्हाळा ४० अंश ओलांडतो. म्हणून नवशिक्यानें पावसाळा व हिवाळाच धरावा.

तिसरी विक्रीची. ताजी अळिंबी एक-दोन दिवसच टिकते आणि खेड्यांत ती खाणारे थोडे. सोलापूर किंवा लातूर येथील गिऱ्हाईक आधीं ठरवावें, व उरलेली वाळवावी. १० किलो ताज्या मालाचा सुमारें १ किलो वाळलेला माल होतो, हा हिशेब वर्गांतच शिकविला पाहिजे.

शेवटीं आमच्या वाचकांस एक सूचना. पिशव्यांवर दिवसांतून अनेक वेळां पाणी फवारण्याचें काम बहुधा घरांतील स्त्रियांकडे येतें. वर्गास मात्र घरधनी जातो. जिच्या हातीं काम, तिलाच शिक्षण द्यावें. आरंभ दहा-वीस पिशव्यांनीं करावा, आणि पहिलें पीक हातीं येईपर्यंत कर्ज काढून खोली बांधूं नये.