आधी वस्ताद, मग घाम

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात आयटीपीएलपासून आउटर रिंग रोडपर्यंत मराठी मंडळी काही कमी नाहीत. दिवस खुर्चीत जातो, संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये, आणि जानेवारी उजाडला की वर्षभराची जिमची फी एकरकमी भरली जाते. पण शिकवतं कोण? तर मोबाइल! स्क्वॉट मारताना गुडघे आत वळतात, पाठीला बाक येतो. हे व्हिडिओतल्या पठ्ठ्याला दिसत नाही, शेजारी उभ्या जाणकाराला दिसतं. तो आधी बारवरच्या प्लेटा उतरवतो, पावलं नीट ठेवायला लावतो, आणि वजन मग हळूहळू वाढवतो. आपल्याकडे तालमीत वस्तादाशिवाय पान हलत नाही. खाशाबा जाधवांसारख्या मल्लालाही १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी रीस गार्डनर या अमेरिकी कुस्तीगिराचं मार्गदर्शन लाभलं. १९५२ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. आपल्याला पदक नको, पण कंबर आटोक्यात हवी ना? भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप घरीही लावता येते. पुढं आहार किती, व्यायाम कोणता, हे ठरवायला आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षित ट्रेनरच हवा. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर पहिली पायरी फिजिओथेरपिस्टची. मात्र जुनं दुखणं, साखर, रक्तदाब काहीही न विचारता प्रोटीनचा डबा पुढं करणारा भेटला, तर तिथून सरळ काढता पाय घ्या.