आधी गळती शोधा, मग गॅस भरा

मैत्रिणींनो, इथे न्यू जर्सीत आमच्या ह्यांची 1992 ची माझदा मियाटा आहे. दोन सीटची, फार लाडाची. दोन उन्हाळे तिच्या एसीत गॅस भरून आणला आणि दोन्ही वेळा महिनाभरात पुन्हा गरम वारा. यंदा मी हटूनच बसले: आधी गळती शोधा, मगच पैसे देईन. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेलाच.

एसी लावल्यावर कॉम्प्रेसरच्या क्लचचा ‘टक्’ आवाज येतो का, ते ऐका. नसेल तर फ्यूज, रिले पाहा. गॅस फार उतरला की प्रेशर स्विचही क्लच लागू देत नाही. त्याला बगल देऊन कॉम्प्रेसर चालवणं म्हणजे वेडेपणा. तेल गॅसबरोबरच फिरतं, ते पोचलं नाही की कॉम्प्रेसरच जाम.

आमच्याकडे पाइपाच्या जोडावर तेलकट डाग सापडला. आतली रबरी रिंग कडक झाली होती, बस्स! या गाडीत आर-12 असतो, ओझोनचा थर खाणारा. अमेरिकेत त्याचं उत्पादन 1995 अखेर बंद झालं. तोच दर वर्षी हवेत सोडायचा आणि वर पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

आता गाडी गारेगार आहे. दुसऱ्या सीटसाठी मात्र लेकाशी भांडावं लागतं.