पणजोबांचे नाव कुठे मिळेल?



आमच्याकडे जी पत्रे येतात त्यांत 'शोध हवा' अशी पत्रे नेहमीच असतात. कुणाला १९८२ च्या गिरणी संपात मुंबईतून निघून गेलेल्या चुलत्याचा पत्ता हवा असतो. कुणाला आई जात्यावर म्हणायची त्या भीमगीताचे पुढचे कडवे हवे असते. एका ताईंनी धम्मदीक्षेच्या दिवशी वडिलांनी नेसलेल्या पांढऱ्या धोतराबद्दल लिहिले होते. ते कुणाकडे राहिले हे त्यांना कळायला हवे होते. अशा पत्रांना आम्ही आजवर चार ओळींत जागा दिली. पण या खेपेस गारगोटीतील एका घराची हकिकत सविस्तर सांगावीशी वाटते, कारण ती उद्या तुमच्याही घरात घडू शकते.

मुलगी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागण्यासारखे गुण पडले. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणी-भांडी करणारी. प्रवेशाला जात पडताळणीचा दाखला पाहिजे, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या दिवशी निघाली, म्हणून ही तारीख. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. आजोबांचा दाखला निघाला, पण ते शाळेत गेले १९५२ साली. म्हणजे आता पणजोबांपर्यंत जायचे. पणजोबांचा घरात फोटोसुद्धा नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. १९५० च्या आदेशात मुख्यतः हिंदूंतील अस्पृश्य जाती धरल्या होत्या, बौद्ध नव्हते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली बौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्ध आले ते १९९० साली. त्यानंतर पडताळणीचा कायदा आला, तो २००१ पासून लागू आहे, आणि त्यात आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच टाकली आहे. म्हणजे ज्यांच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनीच शाळेचा कागद आणून दाखवायचा! कागद नसेल तर घरी येऊन चौकशीचीही तरतूद आहे, पण प्रवेशाची मुदत त्यासाठी थांबत नाही.

आम्ही त्या घरी गेलो तेव्हा मुलीचे वडील भिंतीला पाठ लावून बसले होते. गावाकडे जाऊन चौकशी केली का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "कुणाला इचारू? आमच्या आज्ज्यानं येसकर पाळीची भाकर मागायची सोडली. बाबासाहेबांनी मागायचं न्हाई म्हणून सांगितलंय. आता मी परत त्याच दारात जाऊन हात पसरू?"

हे ऐकून आम्ही गप्प झालो. आमच्याही घरात हेच ऐकत आम्ही वाढलो आहोत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळे तुकडे, मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, आणि आपल्या आजी-आजोबांनी ते उपाशी राहून पाळले. त्यामुळे आपल्या समाजात मागण्याचा एक धसका बसला आहे. दुकानात उधार मागवत नाही, कचेरीत नक्कल मागवत नाही, बसमध्ये अनोळखी माणसाला वाट विचारायलाही जीभ जड होते. आमच्या मते यात एक घोळ झाला आहे. येसकराची भाकर हा गावाने बिनमोल राबवून घेऊन वर उपकार म्हणून टाकलेला तुकडा होता. शाळेच्या रजिस्टरातले पणजोबांचे नाव कुणाचा उपकार नव्हे, ते त्या घराचे आहे. फक्त ते दुसऱ्याच्या कपाटात पडले आहे.

हे आम्ही त्यांना बोलून दाखवले. पटले की नाही कोण जाणे. मुलीला मात्र पटले. दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन गावाकडच्या एस.टी.त बसली.

कचेरीत पहिल्या दिवशी "एवढं जुनं मिळत नाही" असे ऐकून दोघी परतल्या. कुठली कचेरी ते सांगत नाही, आणि जो कारकून होता त्याचाही पूर्ण दोष नसेल. कारण मुलीने विचारले होते, "माझ्या पणजोबांचा दाखला द्या." कुठल्या शाळेचा, कुठल्या सालचा, काय नावाचा, काहीच नाही. आडनाव सांगितले कांबळे! आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कांबळे म्हणून शोधायला बसले तर संध्याकाळपर्यंत निम्मा तालुका निघेल.

परतीच्या गाडीत शेजारी एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. आपल्या समाजाच्या नव्हत्या. "कुणाची गं तू?" असे त्यांनी विचारले आणि आजीने सगळे सांगून टाकले. त्या बाईंनी आपल्या गावच्या एका निवृत्त गुरुजींचे घर सांगितले. गुरुजींनी सांगितले की त्या काळी शाळा देवळाच्या ओवरीत भरायची, पुढे ती मोठ्या गावच्या शाळेत मिसळली आणि दप्तर तिकडे गेले. ओळख ना पाळख, पण गुरुजी स्वतः बरोबर आले. तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी अर्जावर पोच देऊन शनिवारी शाळा सुटल्यावर कपाट उघडले. वाळवीने कडा खाल्लेली वही निघाली, आणि आतले सगळे लेखन मोडीत!

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीच्या आपल्या भागातल्या कित्येक वह्या मोडीत आहेत. ते वाचणारा माणूस आता गावात मिळत नाही. मुलीने त्या पानाचे फोटो काढून कोल्हापूरच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना पाठवले. त्यांचा नंबर तिला झेरॉक्सच्या दुकानात मिळाला होता. त्यांनी रात्री अकरा वाजता फोन करून वाचून दाखवले. नोंद १९५० च्या बावीस वर्षे आधीची होती.

इथे शाहू महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. तो निघाला नसता तर या वहीत हे नाव आले असते का?

नाव मात्र घरात म्हणतात तसे नव्हते. घरात शेवटी 'बा' लावून आदराने घेतले जाणारे नाव वहीत 'या' लावून तोडलेले होते. त्या काळच्या गुरुजींनी आपली सगळी मुले तशीच लिहिली आहेत. आडनाव नाहीच. म्हणून वाचकांना सांगतो, शोधताना आजचे नाव घेऊन जाऊ नका. त्या काळी गाव ज्या नावाने हाक मारत होते ते नाव म्हाताऱ्या माणसांकडून काढून घ्या. ते उच्चारायला वाईट वाटेल, पण ते नाव वहीत आहे. आणि जातीच्या रकान्यात 'म्हार'.

आजी आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी घरातला देव्हारा वेदगंगेत सोडला, त्या १९५६ सालापासून हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. आता नातीच्या शिक्षणासाठी तोच शब्द शोधत दोघी तीन आठवडे फिरल्या होत्या. खरी नक्कल हातात आल्यावर आजीने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "पोरी, ह्यो कागुद फायलीत ठेव. घरात भितीला लावू नगंस." मग थोड्या वेळाने, "सासऱ्याला माज्या लिवाय येत हुतं म्हणायचं. आमी कुणी इस्वास ठेवला न्हवता."

बाबासाहेबांचे साहित्य आज आपल्या कपाटात बसले आहे तेही असेच विचारत फिरणाऱ्यांमुळे. चांगदेव खैरमोडे यांनी वर्षानुवर्षे पत्रे, कात्रणे, आठवणी जमवल्या तेव्हा १९५२ साली चरित्राचा पहिला खंड निघाला. वसंत मून यांनी शासनाच्या खंडांसाठी साहित्य गोळा केले, पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला आला. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालेल्या 'मूकनायक'चे कित्येक अंक मात्र अजून सापडत नाहीत. कुणाच्या तरी माळ्यावर, एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाला अंथरलेले असतील. किसा गोतमी मोहरी मागत दारोदार फिरली तेव्हा मोहरी तिला प्रत्येक दारी मिळत होती, हे आपण कथा सांगताना विसरतो. परक्या माणसांनी तिला हाकलून दिले नव्हते.

सगळीच माणसे त्या गुरुजींसारखी भेटतील असे आम्ही म्हणणार नाही. एका घरी या दोघींना उंबऱ्याबाहेरच उभे करून उत्तर दिले गेले, हेही खरे आहे. तिथे त्या पुन्हा गेल्या नाहीत.

ज्यांना अजून शोधायचे आहे त्यांनी प्रवेशाची वाट पाहू नये. मूल आठवीत असतानाच सुरुवात करावी. शाळेचे जनरल रजिस्टर, तहसीलच्या अभिलेख कक्षातली जन्म-मृत्यूची वही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, जमिनीचे जुने उतारे, हे सगळे पाहावे. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून जमिनी आपल्या लोकांच्या नावे रयतावा केल्या, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात जमिनीच्या कागदांतही नावे मिळण्याची आशा असते. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. वडिलांकडच्या भावकीत कुणाला पडताळणीचा दाखला मिळाला असेल तर आधी त्यांच्याकडे जावे. भांडण असले तरी जावे.

मुलीला प्रवेश मिळाला. जाण्यापूर्वी रविवारी वंदनेनंतर विहारात तिने आणखी दोन घरांचे अर्ज लिहून दिले. तिचे वडीलही आले होते. एका अर्जदाराने "मास्तरांना काय म्हणायचं?" असे विचारले, तेव्हा त्यांनीच उत्तर दिले, "जयभीम म्हणायचं, आन् साल सांगायचं."

आमचीही एक विनंती आहे. गारगोटी, मुदाळतिट्टा, पाटगाव या बाजूच्या वाचकांपैकी कुणाला मोडी वाचता येत असेल तर आम्हाला एक पोस्टकार्ड टाकावे. तीन घरांची पाने आमच्याकडे वाचायची राहिली आहेत.