झाडाचे वय आणि अंदाजपत्रकाचे वर्ष

हापूस आंब्याच्या रूपावरून त्याच्या अंतरंगाची परीक्षा होत नाही, हे रत्नागिरीकरांस कोणी शिकवावयास नको. साल सोनेरी, वास मोहविणारा, आणि फळ कापावे तो आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर! हा साका म्हणजे हापुसाचे जन्मजात व्यंग. त्यात एक वर्ष झाड लगडावे आणि दुसऱ्या वर्षी बागाइतदाराने रिकाम्या फांद्यांकडे पाहत बसावे, ही त्याची लहर निराळीच. ह्या दोन्हींवर उपाय शोधण्याचे काम आपल्या दाराशी चालत आले आहे. परंतु दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाचा विषय निघाला, की आमच्या सुशिक्षित वर्गात ‘हा पांढरा हत्ती पोसून काय मिळाले?’ असा प्रश्न हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर एकदा नीट दिले पाहिजे.

हे विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र त्याहूनही जुने, १९५७ चे. तेथे नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात सिद्ध झाली व १९८१ साली ती प्रसारित करण्यात आली. तिच्यात साका नाही, आणि ती दरवर्षी फळते. पुढे रत्नाचा पुन्हा हापुसाशी संकर करून १९९२ साली ‘सिंधु’ आली. तिची कोय अगदी पातळ. दोन संकरांमध्ये अकरा वर्षे का गेली, असे कोणी विचारील. आंब्याच्या रोपास फळ धरावयासच काही वर्षे लागतात, आणि ते फळ चांगले की वाईट हे ठरविण्यास आणखी किती तरी मोसम पाहावे लागतात. झाडाला मार्चअखेर कळत नाही.

मोठ्या शोधांपेक्षाही लहानसहान कामांनी कोकणावर अधिक उपकार केले आहेत, असे आमचे मत आहे. कोवळ्या रोपावरच कलम बांधण्याची कोय कलमाची पद्धत विद्यापीठाने बसवून दिली. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना निघाली आणि कातळ माळांवर झाडे उभी राहू लागली, तेव्हा लागणारी कलमे अशा सोप्या पद्धतीवाचून कोठून आली असती? ‘नूतन झेला’ तर बांबूच्या टोकाला बसविलेले साधे अवजार. त्याने आंबा देठासकट उतरतो, चीक सालीवर ओघळत नाही, आणि म्हणून फळ डागाळत वा कुजत नाही. यंत्रविद्या म्हणजे केवळ अग्निबाण नव्हेत! फळ चौदा आणे तयार होताच उतरावे, म्हणजे साका कमी होतो, ही शिफारसही तशीच, बिनखर्चाची.

मग बागाइतदार कुरकुरतो का? त्याच्या तक्रारीत तथ्य आहे. थंडी लांबते, मोहोरावर पुन्हा मोहोर येतो, अवकाळी पाऊस झोडपतो आणि फुलकिडे फवारणीस दाद देत नाहीत. जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा मुळासकट उपटल्या. अशा वेळी त्याला सल्ला मिळतो तो औषधविक्रेत्याकडून. विद्यापीठाची शिफारस पुस्तिकेत पडून राहते. शास्त्रज्ञांनी बांधावर अधिक वेळा दिसावे, हे आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. आणि रत्ना बाजारात दिसत नाही, याचा जाब शहरातील गिऱ्हाइकासही विचारला पाहिजे. पेटीवर हापूस हे नाव नसले, की त्याचा हात मागे येतो. २०१८ साली हापुसास भौगोलिक मानांकन मिळाल्याने त्या नावाचे तेज वाढले, हे चांगलेच. पण साका मानांकनाने जात नाही.

खरी चिंता दुसरीच आहे. कृषि विद्यापीठांतील रिक्त पदांची ओरड महाराष्ट्रास नवी नाही. कचेरीत कारकुनाची जागा रिकामी राहिली तर कागद तुंबतात. संकराची झाडे वाढविणाऱ्या शास्त्रज्ञाची जागा रिकामी राहिली तर कोणते झाड कशापासून झाले आणि त्याने कोणत्या साली काय दाखविले, हे ज्ञान त्या माणसाबरोबर निवृत्त होते. नोंदवही मागे राहते, ती वाचणारी नजर राहत नाही. नवा माणूस पाच वर्षांनी आला, तर त्याला पुन्हा पहिल्या झाडापासून आरंभ करावा लागतो.

म्हणून आमची सरकारकडे मागणी मोजकी आहे. फळझाडांवरील प्रयोगांस वार्षिक तरतुदीच्या टांगणीवर न ठेवता निदान पंधरा वर्षांची हमी द्यावी. आणि जुना शास्त्रज्ञ निवृत्त होण्यापूर्वी दोन मोसम तरी त्याचा उत्तराधिकारी त्याच बागेत, त्याच झाडांखाली उभा असावा. येत्या अधिवेशनात कोकणचे आमदार एवढे दोन प्रश्न विचारतील काय?